फोन त्यांच्याच हातात राहू द्या

ग्रामीण भागातल्या सहा कोटी घरांत प्रत्येकी एक माणूस डिजिटल साक्षर करायचा, या हेतूने केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान’ हाती घेतलं. वीस तासांचा अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मार्च २०२४ मध्ये ते संपलं, तेव्हा उद्दिष्ट पार झालेलं होतं. मात्र त्याची वयोमर्यादा होती १४ ते ६०. बँक, पेन्शन, रेल्वेचं तिकीट ज्या वर्षांत फोनवर गेलं, त्याच वर्षांत साठी ओलांडलेल्यांना ‘घरातलं कुणीतरी शिकवेल’ या भरवशावर सोडून दिलं गेलं.

घरी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नातू “द्या इकडे” म्हणत फोन घेतो, भराभर बोट फिरवतो आणि काम करून परत देतो. आजोबांना काहीच कळलेलं नसतं, आणि तेच पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. म्हणून ज्येष्ठांनी शिकायची खरी जागा घराबाहेर, बरोबरीच्या माणसांत आहे, असं मला ठामपणे वाटतं. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, विरंगुळा केंद्र, वाचनालय, सोसायटीचं ऑफिस, काहीही चालेल. वार ठरलेला हवा, शिकवणारी माणसं तीच हवीत आणि एक नियम कडक हवा: शिकवणाऱ्याने समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही.

हा नियम पाळताना पहिली कसोटी लागते बोटांशी. आयुष्यभर बटणं दाबलेलं बोट पडद्यावरही जोर लावतं आणि तिथेच रेंगाळतं. फोन समजतो, दाबून धरलंय. मग भलताच मेनू उघडतो, चिन्हं जागची हलतात आणि ‘आपण काहीतरी बिघडवलं’ या धास्तीने हात मागे येतो. “काकू, दाबू नका, नुसतं टेकवा आणि उचला,” हे न कंटाळता वीसदा सांगणारा माणूसच इथे कामाचा. अँड्रॉइड फोनच्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ सेटिंगमध्ये, बोट किती वेळ टेकलं की ते ‘दाबून धरणं’ समजायचं, ती मुदत वाढवता येते. अक्षरंही मोठी करता येतात. पहिला दिवस एवढ्यातच गेला तरी तो सत्कारणी लागला.

यूपीआय शिकवायला एक रुपया पुरतो. एका टेबलाशी बसलेल्या दोघींपैकी एकीने दुसरीला रुपया पाठवायचा. पाठवणारीला पिन टाकावा लागतो. घेणारीला काहीच करावं लागत नाही, रुपया आपसूक जमा होतो. मग दुसरीने तो परत पाठवायचा. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असं कुणी फोनवर सांगू लागला, तर तो लबाड आहे, हे व्याख्यानापेक्षा या एका रुपयाने पक्कं कळतं.

फसवणुकीपासून वाचायलाही अशी जागा उपयोगी पडते. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. तरीही पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर येणारा भामटा माणसाला तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो आणि बजावतो, ‘कुणाला सांगू नका.’ त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. शेजारच्या इमारतीतल्या, दर आठवड्याला भेटणाऱ्या ताईंना बिनदिक्कत फोन लावायची सवय असेल, तर ते वाक्य फोल ठरतं. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं. जितकं लवकर कळेल, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. पण लाजेपोटी दोन दिवस गप्प राहणारे ज्येष्ठ पुष्कळ असतात. कुणी रागावणार नाही, अशी खात्री असेल तरच ते तोंड उघडतात.

अशा केंद्राची सुरुवात कुठून करावी? मी म्हणेन, हयातीच्या दाखल्यापासून. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे. पण कष्टाने किंवा वयाने झिजलेले बोटांचे ठसे यंत्राला पटत नसत. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि ती अडचण बरीच दूर झाली. आधार आणि मोबाइल क्रमांक बँकेशी जोडलेले हवेत, पेन्शनचा पीपीओ क्रमांक जवळ हवा आणि चेहऱ्यावर पुरेसा उजेड हवा. एकाच स्मार्टफोनवरून अनेकांचे दाखले काढता येतात. त्यामुळे ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांचंही काम होतं. बहुतेक सरकारी पेन्शनरांना नोव्हेंबरमध्ये दाखला द्यावा लागतो आणि ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हणून सप्टेंबरातच कागद तपासायला बसावं. कुणाचा आधारशी जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो. तो बदलायला वेळ लागतो.

जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्या घरी पोस्टमन येऊन दाखला काढून देतो. ही सोय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची आहे. संघाच्या यादीत अशी नावं असतातच. ती पोस्टात नेऊन देण्याचं काम नव्याने फोन शिकलेल्या सभासदांनीच अंगावर घ्यावं.