१३५ विरुद्ध शून्य

१६ मार्च २०१८. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकित व्हर्जिनियाची गाठ सोळाव्या, म्हणजे तळाच्या मानांकनाच्या यूएमबीसीशी पडली. १९८५ पासून पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या आणि सोळाव्या मानांकनाच्या १३५ लढती झाल्या होत्या. सोळाव्याने एकही जिंकली नव्हती. व्हर्जिनियाचा विजय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! मध्यंतराला गुण २१-२१. शेवटी यूएमबीसी ७४, व्हर्जिनिया ५४.

या स्पर्धेची भाकिते करणाऱ्या मॉडेलांची चुरस २०१४ पासून ‘कॅगल’ या संकेतस्थळावर रंगते. तिथे नुसता विजेता सांगून भागत नाही, विजयाची शक्यता आकड्यात द्यावी लागते. २०१८ साली गुण ‘लॉग लॉस’ने मोजले जात, आणि फाजील आत्मविश्वासाला त्यात क्षमा नाही. व्हर्जिनियाला ५० टक्के देणाऱ्याला दंड ०.६९, ९९ टक्के देणाऱ्याला ४.६, ९९.९ टक्के देणाऱ्याला ६.९. शंभर टक्के लिहिले, तर दंड अनंत. (आयोजक तो मध्येच कुठेतरी कापत, ही त्यांची मेहेरबानी.)

मग १३५-० समोर असताना लिहायचे तरी काय? लाप्लास या फ्रेंच गणितीचा जुना नियम सांगतो: घडलेल्या घटनांत एक मिळवा, एकूण संधींत दोन. धक्क्याची शक्यता आली १/१३७. वर्षाला अशा चार लढती, म्हणजे सुमारे ३४ वर्षांतून एक धक्का. २०१८ची स्पर्धा १९८५ पासून चौतिसावीच होती! अर्थात या योगायोगावर फार भाळू नये.

कारण सगळ्या लढती सारख्या नसतात. व्हर्जिनिया त्या हंगामात देशातला सर्वांत संथ खेळणारा संघ. खेळ संथ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चढाया कमी. आणि चढाया जितक्या कमी, तितका नशिबाचा वाटा मोठा. हंगामभर जी शिस्त म्हणून वाखाणली गेली, तीच एका रात्रीपुरती दुबळ्याच्या पथ्यावर पडली. यूएमबीसीचे लांबून मारलेले तीन गुणांचे २४ पैकी १२ फटके लागले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. त्यात व्हर्जिनियाचा डिआंड्रे हंटर मनगट मोडून आधीच बाहेर बसला होता. हंगामाच्या सरासरीवर पोसलेल्या मॉडेलला ते मनगट कुठून दिसणार?

पुढचा धक्का पाचच वर्षांत बसला. २०२३ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने अव्वल मानांकित पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. फेअरली डिकिन्सनचा संघ स्वतःच्या विभागाची अंतिम लढत मेरिमॅककडून एका गुणाने हरला होता. मेरिमॅक खालच्या श्रेणीतून नुकताच वर आल्यामुळे नियमाने अपात्र, म्हणून फेअरली डिकिन्सनला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली.