बेळगावात कॉलेजसाठी खोली शोधताय? आधी भाग ठरवा, भाडं मग विचारा

बारावीचा निकाल लागला की बेळगावात खोल्यांची शोधाशोध सुरू होते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं येतात, तशीच चंदगड, गडहिंग्लज, आजरा, सावंतवाडीकडचीही येतात. आई-वडील एक दिवस काढून येतात, ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन चार खोल्या बघतात, त्यातली स्वस्त पडेल ती धरतात आणि अॅडव्हान्स देऊन संध्याकाळच्या बसने परत जातात. खर्चाचं खरं गणित दिवाळीच्या आसपास कळतं. भाडं कमी, पण बसला, रिक्षाला, पाण्याला आणि बाहेरच्या जेवणाला जातात ते पैसे जास्त. खोली सोडावी म्हटलं तर अॅडव्हान्स अडकलेला.

म्हणून खोली बघायच्या आधी भाग ठरवायला हवा. आणि एक गोष्ट सीमाभागात विशेष लक्षात ठेवायची: एकाच वर्गातल्या दोघींना तोच भाग सारखा स्वस्त पडेलच असं नाही. एकीच्या आधारवर कर्नाटकातला पत्ता असतो, दुसरीच्या आधारवर महाराष्ट्रातला. त्याने हिशोब बदलतो.

कॉलेज नक्की कुठे आहे?

'बेळगावात अॅडमिशन मिळालं' एवढ्याने काही कळत नाही. शहर चारी बाजूंनी पसरलंय आणि कॉलेजंही.

आरपीडी, जीएसएस, गोगटे कॉमर्स, राजा लखमगौडा लॉ कॉलेज ही टिळकवाडीत. तिथे जाणाऱ्यांनी टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, शहापूर, अनगोळ हे भाग आधी बघावेत. यातल्या बऱ्याच ठिकाणांहून सायकलने किंवा चालतही जाता येतं.

इंजिनीअरिंगवाल्यांचं गणित वेगळं. गोगटे इन्स्टिट्यूट उद्यमबागेत आहे आणि व्हीटीयूचं आवार त्याही पुढे, मच्छेला. दोन्ही खानापूर रोडच्या अंगाला. इथे शिकणाऱ्याने उद्यमबाग, अनगोळ, पिरनवाडी, मच्छे अशी सुरुवात करावी.

मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपीची मुलं नेहरूनगरला केएलईकडे जातात. त्यांना नेहरूनगर, शिवबसवनगर, सदाशिवनगर जवळ. लिंगराज, आरएलएस कॉलेज रोडला आणि बी. के. कॉलेज क्लब रोडला. त्यांना सदाशिवनगर, कॅम्प, हनुमाननगर सोयीचं.

राणी चन्नम्मा विद्यापीठाचं भुतरामहट्टीचं आवार काकतीच्या पुढे, हायवेवर. हिरेबागेवाडीचं आवार शहराच्या दुसऱ्या टोकाला, धारवाडच्या बाजूला. आपल्या विषयाचे वर्ग कुठे भरतात हे विद्यापीठाच्या ऑफिसात विचारल्याशिवाय खोली धरू नये.

नकाशावरचं अंतर आणि बसचं अंतर

मोबाईलच्या नकाशात वडगाव ते उद्यमबाग जवळ दिसतं. दुचाकी असेल तर अनगोळवरून चौथ्या गेटने जाता येतं. पण बसने जाणाऱ्याला थेट गाडी नसेल तर आधी सीबीटीला यायचं, तिथे गाडी बदलायची आणि परत खानापूर रोडने जायचं. म्हणजे शहराच्या मध्यात येऊन परत बाहेर.

त्यात रेल्वे लाईन आडवी. टिळकवाडीकडची पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट ही नावं बेळगावकरांना पाठच आहेत. नव्या माणसाने एवढंच बघायचं, की आपली खोली आणि आपलं कॉलेज लाईनच्या एकाच अंगाला आहे का. नसेल तर मधे गेट लागतं की पूल, आणि सकाळी कॉलेजच्या वेळेला तिथे काय अवस्था असते, हे एकदा स्वतः जाऊन बघावं. रविवारी दुपारी बघून काही कळणार नाही.

वेळेचाही हिशोब मांडा. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास धरला तर दिवसाचा दीड तास. महिन्याला २५ दिवस कॉलेज धरलं तर साडेसदतीस तास नुसते बसमध्ये आणि स्टॉपवर. पहिल्या वर्षी सकाळचं लेक्चर बुडायला लागतं ते बहुतेक इथूनच.

एकाच बाकावरच्या दोघी, हिशोब वेगळा

आता सीमाभागाचा मुद्दा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना लागू आहे. कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्याच्या हद्दीत परिवहनच्या साध्या बसने मोफत प्रवास करता येतो. त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. खानापूरच्या मुलीला ते दाखवून सिटी बस फुकट. चंदगडच्या मुलीला तिकीट काढावं लागतं. मुलगे कुठलेही असोत, ते या योजनेत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेत, प्रत्यक्ष भाडं आणि तिकीट तुम्ही विचारून घाला.

समजा, उद्यमबागेत शिकणाऱ्या दोघीजणी आहेत. कॉलेजजवळ एका कॉटचं भाडं ३,५०० रुपये. लांबच्या भागात तेच २,५०० रुपये. लांबून यायला रोज जाता-येता मिळून चार तिकिटं, प्रत्येकी १५ रुपये. दिवसाला ६० आणि २५ दिवसांचे १,५०० रुपये.

खानापूरच्या मुलीला लांबची खोली २,५०० लाच पडते. म्हणजे तिचे महिन्याला हजार रुपये वाचतात, वेळ जातो तो वेगळा. चंदगडच्या मुलीला तीच खोली ४,००० ला पडते. तिला कॉलेजजवळची ३,५०० ची खोली ५०० रुपयांनी स्वस्त, आणि वर वेळ वाचतो. 'माझी मैत्रीण राहते ना तिथे, स्वस्त आहे' हे ऐकून खोली धरली तर चंदगडची मुलगी तोट्यात जाते.

विद्यार्थी पास मिळाला तर हा आकडा कमी होईल. तो कुणाला आणि कोणत्या मार्गावर मिळतो, हे अॅडमिशनच्याच दिवशी कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या. पण फुकट बससाठी घाईघाईने आधारवरचा पत्ता बदलू नका. महाराष्ट्रातली शिष्यवृत्ती, पुढचा प्रवेश, रहिवासी दाखला यांचा विचार करून आधी घरच्यांशी बोला.

महाराष्ट्रात एसटीने महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट केलंय. ती सवलतही राज्याच्या हद्दीपुरतीच. त्यामुळे शनिवारी गावाकडे जायचा खर्च काढताना हद्दीपर्यंतचं तिकीट वेगळं धरायला विसरू नका.

गावच्या बसचा रस्ता बघा

बहुतेक मुलं पहिल्या वर्षी दर आठवड्याला नाही तर पंधरवड्याला घरी जातात. डबा येतो, कपडे जातात. म्हणून गावच्या गाडीचा रस्ता महत्त्वाचा.

चंदगड, सावंतवाडीच्या गाड्या हिंडलगा, शिनोळीवरून जातात. त्या मुलांना कॅम्प, हिंडलगा, गणेशपूर, हनुमाननगरची बाजू बरी. खानापूर, जांबोटीकडच्यांना खानापूर रोड सोयीचा, जांबोटीचा फाटा पिरनवाडीलाच आहे. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजकडच्यांना सेंट्रल बसस्टँड जवळ असावं, म्हणजे उतरल्यावर सामान घेऊन रिक्षा करायला नको.

कॉलेज एका बाजूला आणि गावची बस दुसऱ्या बाजूला असेल तर कॉलेज जवळ धरा. घरी महिन्यातून दोन-चारदा जाणार, कॉलेजला रोज जाणार.

पाणी आणि पाऊस

बेळगावला राकसकोप आणि हिडकल इथून पाणी येतं. शहरातल्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना आली, बाकीच्या भागात मात्र ठराविक दिवसांनी पाणी सोडतात. म्हणून घरमालकाला 'पाणी आहे का?' असं विचारू नका, 'आहे की!' असंच उत्तर मिळतं. 'नळाला किती दिवसांनी पाणी येतं? टाकी किती लिटरची? त्यावर माणसं किती? उन्हाळ्यात टँकर मागवला तर पैसे कोण देतं?' असं विचारा. जुन्या शहापूर, टिळकवाडीत बऱ्याच घरांना विहीर आहे, ती मोठी सोय. पण पिण्याचं पाणी कुठलं ते वेगळं विचारा.

अॅडमिशन पावसाळ्यात होतात, हे एका अर्थी बरंच. जुन्या कौलारू घरात भिंतीला ओल आहे का, छत गळतंय का, कपडे वाळत कुठे घालायचे, हे लगेच दिसतं. बळ्ळारी नाल्याजवळच्या सखल भागात खोली असेल तर जोराच्या पावसात पाणी कुठवर येतं, हे शेजारच्या दुकानदाराला विचारावं. तो खरं सांगतो.

वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा भाग. लोक चांगले, माणुसकीचे, भाडंही त्या मानाने परवडण्यासारखं. पण भिंतीला लागून यंत्रमाग असेल तर दिवसभर खडखडाट चालतो. त्यांचा तो धंदा आहे, तक्रार करून उपयोग नाही. माग सुरू असतानाच खोली बघून यावी.

मुलींनी आणखी एक करावं. संध्याकाळी साडेसात-आठला बसस्टॉपपासून खोलीपर्यंत चालत जाऊन बघावं. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, कुत्री किती आहेत, हे दुपारी कळत नाही.

भाषेची धास्ती नको

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळला मराठी सर्रास चालते. नेहरूनगर, शिवबसवनगरकडे कन्नड जास्त कानावर पडते. महाराष्ट्रातून आलेल्या मुलांचे पालक याला बिचकतात आणि मराठी भाग हवा म्हणून कॉलेजपासून लांब खोली घेतात. तसं करायची गरज नाही. दुकानात, मेसमध्ये माणसं सांभाळून घेतात. बसच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात, तेव्हा आपल्या मार्गावरच्या चार-पाच नावांची कन्नड अक्षरं आठवडाभरात ओळखता यायला हवीत. ती जमतात.

पैसे देण्याआधी

अॅडव्हान्स हा शब्द नीट समजून घ्या. महाराष्ट्रात अॅडव्हान्स म्हणजे आगाऊ भाडं असं आपण धरतो. कर्नाटकात बहुतेक वेळा त्याचा अर्थ डिपॉझिट. 'हे पैसे भाड्यात वळते होणार की खोली सोडताना परत मिळणार?' हे स्पष्ट विचारा आणि लिहून घ्या. रंगकामाचे किती कापणार, खोली सोडायच्या आधी किती दिवस सांगायचं, वर्षाच्या मधे सोडली तर काय, हेही कागदावर यायला हवं.

करार बहुतेक ११ महिन्यांचा असतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, म्हणून ही ११ महिन्यांची पद्धत. कागद कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिले तर पावती घ्या. घरमालकाने पोलीस ठाण्यात द्यायला आधार, फोटो मागितला तर घाबरायचं कारण नाही, ते नियमाचंच आहे.

लाईट बिलाचंही विचारा. कर्नाटकात २०२३ पासून 'गृहज्योती' योजनेत घरगुती मीटरला २०० युनिटच्या मर्यादेत, आधीच्या सरासरी वापराच्या हिशोबाने वीज मोफत आहे. खोलीला वेगळा मीटर आहे का, तो घरगुती आहे की कमर्शियल, बिल किती येतं, हे बघा आणि मागचं एखादं बिल दाखवायला सांगा. बिल शून्य येत असताना दरमहा लाईटचे पैसे मागत असतील तर ते कशाचे, हे विचारायचा भाडोत्र्याला हक्क आहे.

आपल्याकडची जी मुलं कोल्हापूर, पुण्याला जातात त्यांनाही हाच क्रम: कॉलेज, रस्ता, पाणी, आणि मग भाडं. तिथे कागदाचा नियम मात्र वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, मुदत ११ महिने असली तरी. आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते.

शेवटी, जमलं तर सगळं वर्षभराचं एकदम ठरवू नका. कॉलेजच्या हॉस्टेलला जागा आहे का ते आधी बघा. नसेल तर पहिला महिना पेईंग गेस्ट किंवा कॉट बेसिसवर काढा. त्या महिन्यात कॉलेजची वेळ, बस, मेस, पाणी सगळं कळतं आणि वर्गातली चार मुलंही ओळखीची होतात. मग त्यांच्यातल्याच दोघा-तिघांनी मिळून खोली घेतली की भाडं वाटून जातं आणि अॅडव्हान्सचा बोजा एकट्याच्या घरावर पडत नाही.