विश्लेषण : सायलेन्सर बदलला, आवाज वाढला; मग मायलेज का घटले?

बीडहून केज, माजलगाव किंवा गेवराईला रोज दुचाकीवर ये-जा करणाऱ्याला मायलेजचा हिशेब तोंडपाठ असतो. फ्री-फ्लो सायलेन्सर बसवला, एअर फिल्टर बदलला, वर ‘ट्युनिंग’ही करून घेतले, की हा हिशेब चुकू लागतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी गाडी ३६ वर आली असे धरू. महिन्याला १,२०० किलोमीटर फिरणाऱ्याला पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल जास्त लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याचे ७०० आणि वर्षाचे ८,४०० रुपये झाले. गॅरेजवाल्याने मात्र ‘पिकअप वाढेल, इंजिन मोकळा श्वास घेईल’ असे सांगितलेले असते. चूक नेमकी कुठे होते?

इंजिनात काय बदलते?

एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉल मिसळले की हा आकडा थोडा खाली येतो. जास्तीत जास्त ताकद मात्र १३ च्या आसपास मिळते. म्हणजे तेवढ्याच हवेत सुमारे १३ टक्के पेट्रोल जास्त जाते आणि त्यातले काही न जळताच बाहेर पडते. बहुतेक ट्युनिंग या ‘रिच’ बाजूला झुकलेले असते. रेसच्या ट्रॅकवर ते ठीक. ५० च्या वेगाने ऑफिसला जाणाऱ्याच्या ते कामाचे नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. या गाड्यांत इंजेक्टर किती पेट्रोल सोडणार हे ईसीयू ठरवतो आणि एक्झॉस्ट पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला धुरात किती ऑक्सिजन उरला ते कळवतो. बाहेरचा सायलेन्सर बसवताना बेंड पाइपच्या जोडावर जुनेच गास्केट वापरले, किंवा जोड नीट बसला नाही, तर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते पेट्रोल कमी पडतेय. ईसीयू ते वाढवतो. इंजिनाला गरज नसताना पेट्रोल जात राहते आणि मालक मात्र इंजेक्टर साफ करून घेत बसतो. काही ठिकाणी तर सेन्सरची वायरच काढून ठेवतात. मग ईसीयू अंदाजाने, सावध राहून जास्तच पेट्रोल सोडतो.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हीच कथा जेटची. मेन जेटचा खरा परिणाम थ्रॉटल जवळपास पूर्ण उघडल्यावर दिसतो. रोजच्या वेगाला पायलट जेट आणि नीडल काम करतात. त्यामुळे नुसता मेन जेट मोठा केल्याने मायलेज फारसे घटत नाही. सोबत पायलटचा स्क्रू ढिला केला आणि नीडल वर उचलली, की खिशाला चाट बसते.

‘फटाके’ फुकट फुटत नाहीत

उतारावर गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की इंजेक्शनची मूळ गाडी पेट्रोल जवळपास बंद करते. मांजरसुंब्याचा घाट उतरताना होणारी ही बचत चालकाला जाणवतही नाही. सायलेन्सरमधून फटाके वाजावेत म्हणून केलेल्या मॅपमध्ये नेमके याच वेळी पेट्रोल सोडले जाते आणि ते तापलेल्या पाइपमध्ये जळते. बुलेट चालू असताना किल स्विच बंद-चालू करून काढलेल्या आवाजाचेही तेच. त्या पेट्रोलवर गाडी एक इंचही पुढे जात नाही.

मोठ्या तोंडाच्या सायलेन्सरने छोट्या इंजिनाची खालच्या आरपीएमची ओढही अनेकदा कमी होते. मग चढाला गिअर खाली, थ्रॉटल जास्त. त्यात आवाज आवडला की मनगट आपोआप वळते.

एअर फिल्टरचा मुद्दा वेगळाच आहे. हवा जास्त घेणारा उघडा फिल्टर कच्च्या रस्त्यांवर, उन्हाळ्याच्या फुफाट्यात धूळही जास्त आत सोडू शकतो. ती सिलिंडरमध्ये गेली की रिंग झिजतात. हे नुकसान नंतर मूळ फिल्टर लावूनही भरून निघत नाही.

दोष इथेनॉलचा तर नाही?

थोडा आहे. ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये दिला होता. पण ४५ वरून ३६ म्हणजे २० टक्के घट. तेवढी इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

मागचा टायर किंवा स्प्रॉकेट बदलले असेल तर काही गाड्यांचा मीटरच चुकीचे किलोमीटर दाखवतो, हेही तपासावे. टाकी फुल करून दोनतीनशे किलोमीटर चालवावे, पुन्हा त्याच पंपावर फुल करावी आणि अंतर मोबाइलच्या जीपीएसवर मोजावे. मीटरवरच्या ‘ॲव्हरेज’वर विसंबू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. कलम १८२ अ (४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज व प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० (२) लागते. मोटारसायकल तयार होताना ८० ते १७५ सीसीसाठी ७७ आणि त्यावर ८० डेसिबल ही मर्यादा असते. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला आहे.

मूळ मायलेज परत येते का?

बहुतेक वेळा येते. मूळ सायलेन्सर आणि फिल्टर, जोडाला नवे गास्केट, सेन्सर जागेवर, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूचा मॅप मूळ स्थितीत. कार्बोरेटर असेल तर मूळ नंबरचे जेट. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढून पाहावा. काळी काजळी असेल तर पेट्रोल अजून जास्तच जात आहे. चहाच्या रंगाकडे झुकणारा तपकिरी असेल तर जमले.

अडचण एकच येते, मूळ सायलेन्सर जवळ नसतो. ‘जुना काय करायचा’ म्हणून तो गॅरेजमध्येच सोडलेला असतो. अनेक गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातच असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे महाग धातू थोड्या प्रमाणात असतात. नवा घ्यायला गेल्यावर त्याची किंमत कळते.