सभेचा हॉल, चित्रांचं दालन

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे ‘एनजीएमए’त, पाहुणे चित्रकार किंवा अभ्यासक व्याख्यानाला येतात ती वास्तू मुळात सभांचीच. १९११चा हा सर कावसजी जहांगीर हॉल भाषणं आणि मैफलींसाठी गाजलेला. पुढे शहरात सोयीची सभागृहं झाली आणि याला उतरती कळा लागली : मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ, कपड्यांचे सेल, काय म्हणाल ते! शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालन चालवणारे केकू गांधी यांनी इथे कलासंग्रहालय व्हावं, हे लावून धरलं. १९९६मध्ये ते खुलं झालं. प्रदर्शनाच्या दालनांखेरीज व्याख्यानांसाठी छोटं प्रेक्षागृहही आहे. श्रोत्यांनी मात्र थोडं लवकर जावं, आधी भिंतीवरची चित्रं बघावीत. पडद्यावरच्या स्लाइडमध्ये रंगाचा थर दिसत नाही.