आऊटबोर्ड इंजिनाच्या जुन्या जुळ्या तळाच्या शर्यती नौका : रचना, वेग आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

‘कॅटामरान’ हा शब्द आज जगभर रूढ असला तरी त्याचे मूळ तमिळ भाषेत आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे व ‘मरम्’ म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेला मच्छीमारांचा तराफा तो ‘कट्टुमरम्’. युरोपीय भाषांत गेल्यावर हा शब्द दोन तळ शेजारीशेजारी जोडलेल्या नौकेस लावला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा जुळ्या तळाला पिछाडीवर टांगलेल्या आऊटबोर्ड इंजिनाची जोड मिळाली आणि शर्यती नौकांच्या इतिहासात एक नवे पर्व सुरू झाले. त्या काळातील नौकांचा आज युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळी जीर्णोद्धार करीत आहेत. मात्र अशी नौका पुन्हा पाण्यात उतरविताना काय जपावे व काय बदलावे, हा प्रश्न केवळ हौसेचा नसून चालकाच्या जिवाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात या नौकांची रचना व त्यांच्या वेगामागील तत्त्व स्पष्ट करून या प्रश्नाचा विचार केला आहे.

उगम व विकास :

नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन यंत्रज्ञ ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आपले आऊटबोर्ड इंजिन बाजारात आणले. कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ‘मर्क्युरी’ या नावाने त्यास स्पर्धा निर्माण केली. या कंपनीने १९५७ मध्ये एकाखाली एक सहा सिलिंडर असलेले ६० अश्वशक्तीचे इंजिन आणले, तर १९७६ मध्ये ‘व्ही’ आकाराच्या सहा सिलिंडरांचे १७५ अश्वशक्तीचे. इंजिनांची ही चढाओढ लोकांसमोर मांडण्याचे व्यासपीठ म्हणजे शर्यती होत. पॅरिसमध्ये सेन नदीवर १९५५ पासून सहा तासांची, तर रूआन येथे १९६४ पासून चोवीस तासांची शर्यत भरू लागली. अमेरिकेत ॲरिझोनातील लेक हवासू येथेही १९६४ पासून मोठी शर्यत सुरू झाली.

इंजिनाची शक्ती वाढली तसा एकाच तळाच्या नौकेचा पाण्याशी होणारा अवरोध हा मुख्य अडसर ठरला. इटलीतील कोमो सरोवराकाठी नौका बांधणारे आंजेलो मोलिनारी यांनी १९६० च्या दशकात जुळ्या तळाची शर्यती नौका विकसित केली. त्यांचे पुत्र रेनातो मोलिनारी हे १९८१ मध्ये फॉर्म्युला वन पॉवरबोट शर्यतीचे पहिले विश्वविजेते ठरले. १९८३ व १९८४ मध्येही हा मान त्यांनाच मिळाला.

वेगामागील तत्त्व :

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते. त्यामुळे वेग वाढवायचा तर नौकेचा पाण्यास टेकणारा भाग कमी करणे क्रमप्राप्त ठरते. जुळ्या तळाच्या नौकेत दोन अरुंद तळांच्या मध्ये एक बोगदा तयार होतो. वर फळी, खाली पाणी आणि दोन्ही बाजूंस तळ. समोरून शिरणारी हवा या बोगद्यात कोंडली जाऊन तिचा दाब वाढतो व नौका वर उचलली जाते. पूर्ण वेगात तळांचा केवळ मागचा थोडासा भाग पाण्यास स्पर्श करीत राहतो. पंखाही अर्धा पाण्याबाहेर फिरतो. नौकेस सुकाणू नसते. चालक संपूर्ण इंजिनच डावी-उजवीकडे वळवितो आणि त्याचा कल बदलून नाळ वर-खाली करतो.

मात्र हवेचे हे उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून वेग १२० वर गेला, तर नौकेचा कल तोच असतानाही हे बल चौपट होते. नाळ थोडी जरी अधिक उचलली गेली, तरी हवेस अधिक पृष्ठभाग मिळतो, नाळ आणखी वर जाते आणि क्षणार्धात नौका मागे उलटते. दोन्ही तळांची टोके पुढे ठेवून मधली फळी मागे घेण्याची रचना याच कारणास्तव आली. उचलणारा पृष्ठभाग मागे सरकल्याने नाळेवरील जोर कमी होतो. थोडक्यात, जी हवा वेग देते तीच नौका उलटविते.

बांधणी व जीर्णोद्धार :

या काळातील अनेक नौका पातळ सागरी प्लायवूडच्या असत. आत हलक्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या व आडवे पडदे यांचा सांगाडा असे. जीर्णोद्धारात प्रथम पिछाडीची फळी तपासावी लागते. इंजिनाचे वजन व रेटा दोन्ही तीच पेलते आणि बोल्टच्या छिद्रांतून पाणी मुरून ती आतून कुजलेली असू शकते. तळाच्या मागच्या भागाची सपाटीही तितकीच महत्त्वाची. तेथे पृष्ठभाग आत दबलेला असल्यास नाळ खाली दाबली जाते. बाहेर फुगलेला असल्यास नौका बेडकासारख्या उड्या मारू लागते. ‘एव्हिनरूड’ इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांचे सुटे भाग आता शोधून वा घडवूनच घ्यावे लागतात.

जतनाचा प्रश्न :

जुन्या नौकांत चालक उघड्या जागेत, पट्ट्याविना बसत असे. अपघातात तो बाहेर फेकला जाणे हेच तुलनेने सुरक्षित मानले जाई. इंजिन बंद करणारी दोरी तेवढी त्याच्या अंगाशी जोडलेली असे. १९८४ च्या हंगामात अनेक चालकांचे बळी गेल्यावर हा विचार बदलला. ब्रिटिश रचनाकार व चालक ख्रिस हॉजेस यांनी चालकाभोवती मजबूत संमिश्र द्रव्याची सुरक्षा-कोठी योजिली. नौका फुटली तरी कोठी अभंग राहते, म्हणूनच त्यात चालकास पट्ट्याने बांधणे शक्य झाले.

येथेच जीर्णोद्धारकाची कसोटी लागते. सुरक्षिततेच्या भावनेने जुन्या नौकेत केवळ पट्टा बसविला, तर चालक फुटणाऱ्या प्लायवूडमध्ये जखडला जातो आणि बदल मूळ रचनेपेक्षा घातक ठरतो. पूर्ण कोठी बसविली, तर वजन व समतोल बदलून नौकेचे मूळ रूपच नाहीसे होते. जुन्या इंजिनाऐवजी अधिक शक्तीचे इंजिन लावल्यास तळ ज्या वेगासाठी आखला होता ती मर्यादा ओलांडली जाते. पट्टा, कोठी, तळ व इंजिन या स्वतंत्र वस्तू नसून एकाच व्यवस्थेचे घटक आहेत.

निष्कर्ष :

१) जुळ्या तळाच्या नौकेचा वेग व तिचा धोका एकाच कारणातून उद्भवतात, एकाचे जतन करून दुसरा टाळता येत नाही.

२) अर्धवट आधुनिकीकरण हे मूळ रचना तशीच ठेवण्यापेक्षाही अधिक धोक्याचे ठरू शकते.

३) मूळ नौका मूळ रूपात जतन करून मर्यादित वेगाच्या प्रात्यक्षिकासाठी चालवावी. चुरशीची शर्यत करावयाची असल्यास जुन्या आराखड्यावरून, परंतु सुरक्षा-कोठीसह, नवी नौका बांधावी.

जुने यंत्र जपणे म्हणजे त्याचे लाकूड व लोखंड जपणे एवढेच नव्हे; त्याच्या मर्यादांचे ज्ञानही जपणे होय. हे ज्ञान हरवले, तर जीर्णोद्धार केलेली नौका दिसावयास सुंदर, परंतु चालकासाठी मूळ नौकेहूनही अधिक धोकादायक ठरेल.