घर कोण काढतं? : वास्तुकला आणि तिच्या आजूबाजूच्या वाटा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर इथं मेडशीतलेच एक गृहस्थ थांबले. म्हणाले, "सर, पोराची चित्रकला चांगली आहे, गणितही बरं आहे. त्याले आर्किटेक्ट करू का? दोन एकर काढा लागन त्यासाठी."

दोन एकर म्हटल्यावर मी गप्प झालो. तीस वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्याला मी फार विचार न करता सांगितलं होतं, "चित्र छंद म्हणून ठेव, इंजिनिअरिंगला जा." तो गेला, नोकरीही बरी लागली. परवा भेटला तेव्हा त्याने मोबाइलमध्ये जुन्या वाड्यांची स्वतः काढलेली चित्रं दाखवली, दोनशे तरी असतील. तक्रार केली नाही त्याने. म्हणून तर मला जास्त लागलं. तर आज जरा सावकाश उत्तर देतो.

आधी हे काम आहे काय ते पाहू. आपल्याकडं लोकांना वाटतं की इंजिनिअर आणि आर्किटेक्ट एकच, फक्त एक जण जास्त पैसे घेतो. तसं नाही. स्लॅब पडणार नाही हे इंजिनिअर पाहतो. त्या स्लॅबखाली मे महिन्यात माणूस दुपारी झोपू शकेल का, वारा कुठून येईल, म्हातारीला रात्री संडासापर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतील, हे आर्किटेक्टने पाहायचं. धाब्याच्या घरात या प्रश्नांची उत्तरं बांधणाऱ्याच्या हातातच होती. ती घरं पाडून आपण स्लॅब टाकले आणि मग कूलर लावले.

पण जुनं ते सगळं चांगलं, असंही समजू नका. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती, आतला आणि बाहेरचा थर बांधून धरणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हात थंड राहणारं तेच घर भूकंपात अंगावर आलं. म्हणजे चित्र छान येतं एवढ्यानं भागत नाही. भार कुठून कुठं उतरतो हेही कळावं लागतं.

माझ्या विषयातलं एक उदाहरण सांगतो, राहवत नाही म्हणून. विट्गेनश्टाइन हा विसाव्या शतकातला मोठा तत्त्वज्ञ, मूळचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. 1926 ते 1928 या काळात त्याने व्हिएन्नात बहिणीचं घर बांधण्यात स्वतःला जुंपून घेतलं. घर जवळपास पूर्ण झालं असताना एका मोठ्या खोलीचं छत त्याने तीन सेंटीमीटर वर घ्यायला लावलं. तीन सेंटीमीटर! आपला मिस्त्री पळून गेला असता. पण प्रमाण चुकलं तर ज्याला चैन पडत नाही, त्याचंच हे क्षेत्र आहे.

आता व्यवहाराचं बोलू. बी.आर्क. पाच वर्षांचं असतं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. गणित घेऊन दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला असला तरी चालतं. प्रवेशासाठी वास्तुकला परिषदेची नाटा परीक्षा, किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर. दोन्हींत चित्र काढावं लागतं. शुल्काचा आकडा विचारताना सरकारी आणि खासगी कॉलेजांतला फरक आधी पाहा, दोन एकरांचा हिशेब तिथंच बदलतो. आणि सुरुवातीची काही वर्षं पगार बेताचा असतो, हे मुलाला आजच सांगा.

परिषदेकडं नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, हा 1972चा कायदा. पण गंमत अशी की 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, कायदा त्या नावाला कुंपण घालतो, कामाला नाही. नावावरून आठवलं. आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं करवून घेतलं. शिलालेखात त्याचं नाव आहे. आराखडा ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याचं नाही.

गावातून पोरगं कुठं पोचणार, असं कोणी म्हणेल. अच्युत कानविंदे 1916 मध्ये कोकणातल्या आचऱ्याला जन्मले. वडील चित्रकलेचे शिक्षक. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली. कानपूरच्या आयआयटीचा परिसर त्यांनी उभा केला.

पण सगळ्यांनी इमारतीच काढाव्यात असं नाही. महामार्गाचं चौपदरीकरण झालं, त्यात मेडशी आलं. आता दुकानं कुठं सरकतील, शाळेतली पोरं रस्ता कुठून ओलांडतील, पावसाचं पाणी कुठं जाईल, हा नगररचनेचा विषय. त्याची बी.प्लॅनिंग ही चार वर्षांची पदवी आहे. झाडं, उतार, पाणी यांचा विचार करणारी लँडस्केप आर्किटेक्चर ही शाखा आहे, जुन्या वास्तू जपण्याची आहे. या दोन्ही बहुधा बी.आर्क.नंतर घेतात.

वस्तूंचा आणि अक्षरांचा डिझाइन हा आणखी वेगळा रस्ता. तुमच्या कॉम्प्युटरवर मराठी ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं दिसलं, तो र. कृ. जोशींनी घडवला. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात ते शिकवत. तिथं बी.डेस.साठी यूसीड परीक्षा असते आणि ती कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते. हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून दोनदा सांगतो: आर्ट्सच्या मुलांनाही.

आणि ज्यांच्याकडं दोन एकर नाहीतच, त्यांच्यासाठी आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल आहे, दोन वर्षांचा, दहावीनंतर. तो कमी दर्जाचा समजू नका. नकाशा नीट काढणारा माणूस तालुक्याला सापडत नाही.

त्या गृहस्थांना मी म्हटलं, जमिनीचं नंतर बघू. मुलाला एक टेप आणि चौकटीची वही द्या. स्वतःचं घर मोजून काढू दे: भिंतीची जाडी, खिडकीची उंची, सकाळचं ऊन कुठं पडतं, आजी कुठं बसते. मग एकच गोष्ट बदलायला सांगा आणि का ते विचारा. वैतागून वही फेकली तरी कळेल, रात्री अकराला दिवा लावून बसला तरी कळेल.

काल त्यांचा फोन आला. पोरगं शिडी लावून माळ्यावर चढलंय म्हणे, आणि आई ओरडतेय. पुढच्या वेळी तो वही घेऊन येणार आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.