चांगल्या कानाला पाचने गुणायचं

पनवेलजवळच्या विचुंब्याहून वांद्र्याला जायचं तर रिक्षानं पनवेल स्टेशन गाठायचं, हार्बरची लोकल पकडायची, वडाळ्याला गाडी बदलायची, वांद्र्याला उतरून पुन्हा रिक्षा करायची आणि रेक्लमेशनला के. सी. मार्गावर उतरायचं. सकाळच्या गर्दीत दोन तास धरून चालावं. मूल हाकेला वळत नाही, मागे भांडं पडलं तरी दचकत नाही, वर्ष उलटलं तरी 'आई' म्हणत नाही, अशी शंका एकदा घरात शिरली की पनवेल पट्ट्यातल्या आईबापांना कोणी ना कोणी हाच पत्ता सांगतं: 'अली यावर जंगला दाखवा.'

मुंबईकरांना हे नाव पश्चिम द्रुतगती महामार्गावरून माहीत असतं. अली यावर जंग मूळचे हैदराबादचे. उस्मानिया आणि अलीगढ विद्यापीठांचे ते कुलगुरू होते, राजदूतही होते आणि महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच डिसेंबर १९७६ मध्ये वारले. ९ ऑगस्ट १९८३ रोजी केंद्र सरकारनं श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था वांद्र्यात काढली आणि तिला त्यांचं नाव दिलं. पाटीवर आधी 'श्रवण विकलांग' होतं, आता 'वाक् व श्रवण दिव्यांगजन' आहे. कोलकाता, सिकंदराबाद, नोएडा आणि ओडिशातलं जानला इथं संस्थेची प्रादेशिक केंद्रं आहेत. कानाची तपासणी, यंत्रं, वाचा उपचार, विशेष शिक्षकांचं आणि ऑडिओलॉजिस्टांचं प्रशिक्षण, खुणांच्या भाषेचे वर्ग असं सगळं एका आवारात आहे. बहिरेपणाबाबत आपलं सरकार काय शिकलंय आणि काय शिकायचं राहिलंय, हे बघायला याहून सोयीची जागा नाही.

तपासणीपासून सुरुवात करू. मोठ्या माणसाला आवाजबंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात, हातात बटण देतात. अगदी बारीक 'टूं' ऐकू आला तरी बटण दाबायचं. कोणत्या पट्टीतला आवाज किती डेसिबलला ऐकू आला याच्या खुणा कागदावर पडत जातात, त्या जोडल्या की ऑडिओग्राम तयार. तान्ह्या बाळाला बटण कसं दाबता येणार? त्याच्या कानात छोटी नळी बसवून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपतात, ती ओएई. डोक्याला तारा चिकटवून, कानात टिकटिक सोडून मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते पाहतात, ती बेरा. बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. म्हणून येताना त्याला जागतं ठेवा, असं आयांना सांगितलेलं असतं. हार्बर लोकलच्या हेलकाव्यात दोन तास बाळाला जागं ठेवणं म्हणजे काय, ते त्या आईलाच विचारावं.

या घाईला कारण आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. भाषा रुजायची ती पहिल्या काही वर्षांत रुजते. त्या वर्षांत मुलापर्यंत कोणतीच भाषा पोचली नाही, ना आवाजाची ना हाताची, तर पुढे शाळेत नुसती बाराखडी गिरवून ती भरून निघत नाही.

निदान झालं की दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं गणित येतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत दोन्ही कानांनी ७० डेसिबलपर्यंतचं ऐकू येत नसेल तर माणूस बहिरा, आणि ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर कमी ऐकू येणारा. समोरासमोरचं साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं. डेसिबलची चढण जिन्यासारखी सरळ नाही. दहाची एक पायरी म्हणजे आवाजाची ताकद दहापट. दाखल्यावर मात्र डेसिबल चालत नाहीत, टक्के लागतात. त्यासाठी सूत्र आहे: चांगल्या कानाच्या दोषाच्या टक्क्यांना पाचने गुणायचं, वाईट कानाचे टक्के मिळवायचे, सहाने भागायचं. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा धडधाकट असला तर उत्तर सतराच्या आत येतं. सवलतींचा उंबरठा चाळीसचा, त्यामुळे तो माणूस बाहेर. सूत्र काही खुळं नाही. एका कानावर माणूस निभावून नेतो, हे त्यात धरलेलं आहे. पण त्यात फक्त कान आहे. त्या माणसाशी घरात, शाळेत, कचेरीत कोणी बोलू शकतं का, याला त्यात कुठं जागा नाही. पुढच्या बहुतेक योजना याच सूत्राच्या बोटाला धरून चालतात.

कानासाठी सरकार खरंच पुष्कळ करतं. सहायक साधनांच्या 'एडिप' योजनेतून श्रवणयंत्रं मिळतात. पूर्वी खिशात अडकवायची डबी आणि तिची लोंबणारी वायर असे, आता कानामागे बसणारं डिजिटल मशीन असतं. २०१४ पासून याच योजनेत लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटही मिळू लागलं. एका मुलामागे सहा लाखांपर्यंतचा खर्च केंद्रानं उचलायचा, वर्षाला पाचशे मुलं, आणि कामाची सूत्रं वांद्र्याच्या याच संस्थेकडे. शस्त्रक्रियेत आतल्या कानात बारीक तार बसते, बाहेर कानामागे यंत्र राहतं आणि मूल पहिल्यांदा आवाज ऐकतं. त्या क्षणाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलेत.

व्हिडिओ जिथं संपतो तिथं खरं काम सुरू होतं. आवाज आला म्हणजे भाषा आली असं नसतं. कुकरची शिट्टी कोणती, दाराची कडी कोणती, आपलं नाव कोणतं, हे एकेक करून शिकवावं लागतं. थेरपी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. साध्या मशीनचीही कटकट असते. मुलाचा कान वाढतो तसा कानातला साचा सैल होतो, मशीन शिट्टी मारू लागतं, नवा साचा घ्यायचा. बॅटरी संपते, घामानं बिघाड होतो. दर खेपेला एक दिवसाची मजुरी आणि दोन तिकिटं जातात. मग एक दिवस मशीन कपाटात जाऊन बसतं. वाटपाच्या कागदावर ते 'दिले' असंच राहतं.

आता त्याच आवारातल्या दुसऱ्या खोलीकडे वळू. २००१ मध्ये संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेचा कक्ष सुरू झाला आणि दुभाषी घडवणारे वर्ग भरू लागले. ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती. १८८० मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं ठराव केला की मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायलाच शिकवावं, हातवारे बंद. नंतर पाचेक वर्षांतच मुंबईत माझगावला देशातली बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली. त्या ठरावाची छाया शतकभर जगातल्या बहुतेक शाळांवर राहिली. वर्गात हात बांधून बसायचं आणि मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, मैदानाच्या कोपऱ्यात हातांनी मनसोक्त गप्पा मारायच्या, अशा पिढ्या वाढल्या. भाषा जगली ती मुलांच्या चोरट्या गप्पांनी. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतल्या मंडळींनी खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला.

हातवारे म्हणजे भाषा नव्हे, हा समज आपल्याकडे मोडला तो एका बहिऱ्या माणसाच्या पुढाकारानं. हिमाचलातले मदन वशिष्ठ लहानपणी बहिरे झाले, दिल्लीत छायाचित्रकार होते, १९६७ मध्ये अमेरिकेतल्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या महाविद्यालयात शिकायला गेले. दहा वर्षांनी अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांना घेऊन ते परत आले आणि दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा त्यांनी टिपल्या. शहरागणिक शब्द बदलत होते, पण ही स्वतःचं व्याकरण असलेली, एकमेकींच्या नात्यातल्या बोलींची भाषा आहे, हे दिसून आलं. मराठी माणसाला तिचं व्याकरण फार परकं वाटू नये. क्रियापद शेवटी येतं. प्रश्नाचा शब्दही शेवटी: 'नाव तुझं काय?' काळ आधी सांगून टाकायचा, 'काल' म्हटलं की पुढचं सगळं कालचं. आणि प्रश्न विचारताना भुवया बोलतात. भुवई न हलवता विचारलेला प्रश्न म्हणजे हेल न काढता विचारलेलं 'जेवलास'.

सरकारनं ही भाषा उशिरा का होईना स्वीकारली. दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी बातम्या १९८७ पासून आहेत. २०१५ मध्ये दिल्लीला सांकेतिक भाषेचं स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालं. त्याच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये तीन हजार शब्दांची होती, २०२१ ची तिसरी दहा हजारांची. त्याच वर्षी शालेय भाषा विषय म्हणून तिला मान्यता मिळाली. कायद्याच्या भाषेतही फरक पडला. जुन्या पुरावा कायद्यात 'मुका साक्षीदार' होता. २०१३ च्या दुरुस्तीनं तो 'तोंडी बोलू न शकणारा साक्षीदार' झाला आणि त्याच्यासाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षक घ्यावा, जबानीचं चित्रीकरण करावं, असं न्यायालयावर बंधन आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत उभ्या राहिल्या.

पण दिल्लीच्या न्यायालयातून विचुंब्याकडे जसजसं यावं तसतशी ही भाषा विरळ होत जाते. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानासाठी तहसील कार्यालय. दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं, ही चांगलीच गोष्ट. जिल्ह्याच्या कामांसाठी अलिबाग. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज, मग तपासणीची तारीख. यातल्या कुठल्याही खिडकीशी उभ्या असलेल्या बहिऱ्या माणसाचं काम कोण बोलतं? त्याची आई, भाऊ, नाहीतर दहा-बारा वर्षांची मुलगी. बापाची मिळकत, त्याचं दुखणं, घरातलं भांडण, सगळं ती मुलगी साहेबांना सांगणार आणि साहेबांचं उत्तर बापाला. साहेब बोलतातही तिच्याशीच. बाप शेजारी उभा.

नियमही कधी कधी अशीच गंमत करतात. रेल्वेच्या तिकिटात पन्नास टक्के सवलत आहे, पण मूक आणि बधिर अशी दोन्ही व्यंगं एकाच व्यक्तीत असतील तर. म्हणजे ज्या मुलानं वर्षानुवर्षं थेरपीला येऊन तोंडानं बोलायला शिकून घेतलं, त्याची मेहनत नियमाच्या अक्षराला आड येते. एका सरकारी खात्यानं बोलायला शिकवायचं आणि दुसऱ्यानं त्याबद्दल तिकीट पूर्ण लावायचं! असा नियम लिहिताना त्या टेबलाशी एखादा बहिरा माणूस बसलेला असता तर?

प्रतिनिधित्व म्हणतात ते हेच. महाराष्ट्रानं २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढलं. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के जागा आहेत, त्यातली एक टक्का बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. राज्याच्या सल्लागार मंडळात दिव्यांग व्यक्ती असाव्यात, असं कायदाच सांगतो. तरी 'दिव्यांगांचा प्रतिनिधी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी येते. बहिरेपण दिसत नाही, आणि सभेत ज्याला बोलणं कळत नाही त्याला कोणी सभेला बोलवत नाही. युगांडासारख्या गरीब देशानं संसदेत दिव्यांगांना राखीव जागा दिल्या आणि १९९६ मध्ये ॲलेक्स नदीझी हे बहिरे गृहस्थ खासदार झाले, दुभाषी घेऊन सभागृहात बसले. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचा दोष असलेले पन्नास लाखांवर लोक नोंदले गेले, महाराष्ट्रात पावणेपाच लाखांच्या घरात. त्यांच्या वतीनं बोलणारे भरपूर आहेत, बहुतेक सगळे ऐकू येणारे.

विचुंब्याला परत येऊ. नवीन पनवेलला खेटलेलं हे गाव. टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या तरी कारभार ग्रामपंचायतीचा. पलीकडे नवी मुंबई महापालिकेनं वाशीत दिव्यांग मुलांसाठी शिक्षण आणि सेवांचं केंद्र चालवलंय. महापालिकेला जमतं ते ग्रामपंचायतीला जमणार नाही, हे मान्य. पण स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करणं राज्यातल्या ग्रामपंचायतींनाही बंधनकारक आहे. तो बहुतेक ठिकाणी वस्तू किंवा थोडे पैसे वाटून संपतो. वाटप वाईट नाही. पण वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, आणि त्यातल्या एकीला दुभाषी बोलावला तर त्या दिवशी गावातल्या बहिऱ्या माणसाला पहिल्यांदा कळेल की पाण्याच्या लाइनबद्दल सरपंच नेमकं काय म्हणाले. त्याला आवडलं नाही तर तो तसं सांगूही शकेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही, वांद्र्याला जावं लागत नाही, डेसिबलही मोजावे लागत नाहीत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावानं एक अर्ज लागतो. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी बहिरं असेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी तो द्या, आणि त्यावर सही त्या माणसाची असू द्या, तुमची नको.